रात्र सरते, कागद उरतो

भाऊबीज झाली की कुरखेड्याच्या बाजारपेठेत वेगळी लगबग सुरू होते. धानाची कापणी तोंडावर आलेली असते, उधारीच्या वह्या नव्याने उघडलेल्या असतात, आणि एखाद्या सकाळी दोन-तीन तरुण दुकानाच्या गल्ल्यापाशी येऊन उभे राहतात. "सेठजी, आमच्या गावची मंडई आहे, नाटकाले येजा," असे सांगून हातातील गठ्ठ्यातले एक पत्रक समोर ठेवतात. एक प्रत दुकानाबाहेरच्या खांबाला खळीने चिकटवतात आणि पुढच्या दुकानाकडे वळतात.

त्या कागदाचे आयुष्य फार थोडे असते. नाटकाच्या रात्रीपर्यंत तो गल्ल्यावर राहतो. दुसऱ्या दिवशी त्याच्या कोऱ्या पाठीवर हिशेबाची बेरीज होते, तिसऱ्या दिवशी त्यात हळदीची किंवा जिऱ्याची पुडी बांधली जाते. खांबावरची प्रत उन्हाने फिकट होते आणि पुढच्या गावाच्या पत्रकाखाली दडून जाते. यात कोणाचा दोष नाही. जो कागद एका रात्रीसाठी छापला, त्याचे काम ती रात्र संपताच संपते, असे व्यवहारच सांगतो. तरीही हा व्यवहार एकदा तपासून पाहावा, असे काही त्या कागदात आहे.

पत्रकातील रंगभूमी

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांचा पूर्व विदर्भातील वनप्रदेश झाडीपट्टी म्हणून ओळखला जातो. दिवाळीनंतर येथे गावोगाव मंडई भरते, कुठे शंकरपट होतो, आणि त्या निमित्ताने रात्रभर नाटक रंगते. लेकी माहेरी येतात, सोयरे मुक्कामाला येतात, लग्नाच्या बोलण्यांनाही याच दिवसांत तोंड फुटते. रात्री मोकळ्या शेतातील मंडपात पडदा उघडतो तो पहाटेपर्यंत मिटत नाही. दंडार, खडी गंमत अशा जुन्या लोककलांच्या भुईवर उभी राहिलेली ही रंगभूमी होळीच्या सुमारापर्यंत गावोगाव फिरत राहते.

पूर्वी गावातीलच हौशी मंडळी भूमिका करीत. पुढे व्यावसायिक मंडळ्या उभ्या राहिल्या. आज त्यांचे केंद्र वडसा, म्हणजेच देसाईगंज आहे. कुरखेड्याला सर्वांत जवळचे रेल्वे स्थानकही तेच. मंडळ्यांची कार्यालये तेथे आहेत, गावांचे प्रतिनिधी तेथे येऊन हंगामाच्या तारखा ठरवितात, बयाणा देतात. नाटक ठरविणे हा गावाच्या दृष्टीने एक सौदाच असतो. मंडळीला ठरलेली रक्कम द्यायची, तिकिटे विकायची, आणि शिल्लक उरली तर ती गावाच्या कामी लावायची. तूट आली तर तीही गावानेच सोसायची. एकाच गावात एकाच रात्री दोन-दोन नाटके लागण्याचे प्रसंगही येतात. मग गावातल्या गावात चुरस होते आणि पत्रकातील अक्षरे अधिक ठळक होतात.

या सौद्याचा एकच छापील दस्तऐवज सर्वांच्या हाती पडतो. तो म्हणजे हे पत्रक. नाटकाचे नाव, मंडळीचे नाव, लेखक, कलावंतांची नावे व छायाचित्रे, गाव, वार, तारीख, तिकिटाचे दर, आणि तळाशी विनीत म्हणून गावच्या मंडळाचे नाव, एवढा ऐवज एका पानात मावतो. नाटकाची संहिता बहुधा हस्तलिखितच राहते आणि प्रयोग तर पहाटेच्या वाऱ्याबरोबर विरून जातो. वृत्तपत्रांत झाडीपट्टीच्या प्रत्येक प्रयोगाची दखल घेतली जाणे शक्यच नसते. म्हणून अमुक गावी, अमुक रात्री, अमुक कलावंतांनी अमुक नाटक केले, याची साक्ष देणारा कागद बहुतेक वेळा हाच, आणि तोच पुडीला जातो.

पॅरिसमधील एक सराय

अशाच एका क्षणजीवी रंगभूमीचे कागद जगात कसे जपले गेले, हे पाहण्यासाठी सव्वाशेहून अधिक वर्षे मागे आणि पॅरिसपर्यंत जावे लागते. त्या शहराच्या मोंमार्त्र टेकडीच्या पायथ्याशी रोदोल्फ सालिस या गृहस्थाने १८८१ मध्ये ल शा न्वार, म्हणजे काळे मांजर, या नावाची सराय उघडली. खाण्यापिण्याबरोबर कविता, गाणी आणि थट्टामस्करी चालणाऱ्या अशा जागेला तेथे कॅबरे म्हणत. १८८५ मध्ये सराय मोठ्या जागेत गेली आणि पुढच्याच वर्षाच्या सुमारास चित्रकार आंरी रिव्हिएर याने तेथे छायानाट्य सुरू केले.

पडदा छोटासाच. त्याच्यामागे जस्ताच्या पत्र्यातून कापलेल्या आकृती सरकत. मागून दिवा, मध्ये रंगीत काचा, बाजूला वाद्यांची साथ. सालिस स्वतः उभा राहून निवेदन करी. कारां दाश या व्यंगचित्रकाराने नेपोलियनच्या फौजा याच छोट्या पडद्यावरून कूच करताना दाखविल्या आणि लहानमोठ्या आकृतींच्या रांगांनी दूरवर पसरलेल्या सैन्याचा भास निर्माण केला. पुढे जगप्रसिद्ध झालेला संगीतकार एरिक साती हा काही काळ येथे पियानो वाजवीत असे. दहा-अकरा वर्षांत चाळीसहून अधिक छायानाट्ये या पडद्यावर झाली. १८९५ च्या डिसेंबरात त्याच शहरात ल्युमिएर बंधूंनी चलच्चित्र दाखविले. १८९७ मध्ये सालिस वारला आणि काळ्या मांजराचा पडदा कायमचा मिटला.

या खेळांसाठी छापलेल्या कार्यक्रमपत्रिका प्रेक्षकाच्या हाती पडत. त्यावर खेळाचे नाव, चित्रकार, कवी व संगीतकार यांची नावे आणि बहुधा एखादे चित्र असे. खेळ संपल्यावर त्यांतील बहुतेक कागद खिशात चुरगळले असतील, टेबलाखाली पडले असतील. पण काही प्रेक्षकांनी ते घरी नेले, वहीत दाबून ठेवले. पुढच्या पिढ्यांतील संग्राहकांनी ते जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून आणि घरगुती पेट्यांतून शोधून काढले. आज जस्ताच्या काही आकृती पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहेत. अमेरिकेत न्यू जर्सी येथील रटगर्स विद्यापीठाच्या झिमर्ली कलासंग्रहालयात या छायानाट्याशी संबंधित साहित्याचा मोठा संग्रह आहे. आकृतींवरून छाया कशी पडत असेल हे कळते. पण ती कोणत्या खेळाची, कोणी रचली, तिच्याबरोबर कोणाचे संगीत वाजले, हे कळण्यासाठी छापील कागदच हाती घ्यावा लागतो.

महाराष्ट्रातही छायेचा खेळ आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुडाळजवळील पिंगुळी येथे ठाकर समाजाने चामड्याच्या छायाबाहुल्या आणि चित्रकथी पिढ्यान्पिढ्या जपल्या. तेथील परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. ती बाहुली टिकली, कारण ती घरची मिळकत होती. बापाने ती मुलाच्या हाती सोपविली. पत्रकाचे तसे नाही. ते सर्वांना फुकट मिळते, म्हणून ते कोणाचीच मिळकत नसते. ज्या वस्तूची किंमत शून्य, तिची राखण कोणी करीत नाही. काळ्या मांजराच्या कार्यक्रमपत्रिकेलाही पहिल्या रात्री हेच लागू होते.

भारतीय चित्रपटाचा अनुभव तर आणखी बोलका आहे. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईत प्रदर्शित झालेला 'आलम आरा' हा भारताचा पहिला बोलपट. त्याची एकही प्रत आज उपलब्ध नाही. त्याच्याविषयी जे सांगता येते ते छायाचित्रे, जाहिराती आणि त्या काळच्या छापील कागदांच्या आधारे. ज्या कागदाला चित्रपटापुढे कोणी मोल दिले नसते, तोच चित्रपट गेल्यावर त्याचा साक्षीदार ठरला. पुण्यात १९६४ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने चित्रपटांबरोबर भित्तिपत्रके आणि गाण्यांच्या पुस्तिकाही जमविल्या, त्यामागे हीच दृष्टी होती.

आठशे नाटकांचा हिशेब

आता पुन्हा कुरखेड्याकडे वळावे. याच तालुक्यातील गुरनोली गावचे डॉ. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. विनोदी भूमिकांमुळे प्रेक्षक त्यांना झाडीपट्टीचे दादा कोंडके म्हणत आले. सुमारे ८०० नाटकांत भूमिका आणि ५,००० हून अधिक प्रयोग, असा त्यांच्या कारकिर्दीचा आकडा सन्मानाच्या वेळी सर्वत्र सांगितला गेला.

व्यापारी माणसाला आकडा ऐकला की वही आठवते. आठशे नाटके म्हणजे आठशे नावे. ती कोणती? कोणाची? कोणत्या गावी, कोणत्या वर्षी झाली? त्यांच्यासमोर स्त्रीभूमिका कोणी केल्या, ऑर्गन कोणी वाजविला, पडदे कोणी रंगविले? पाच हजार रात्रींपैकी प्रत्येक रात्रीचे एक पत्रक छापले गेले असेल आणि त्यातील एकेक प्रत कोठेतरी राहिली असती, तर एका कलावंताच्या कारकिर्दीबरोबर सबंध प्रदेशाच्या करमणुकीचा, भाषेचा आणि गावोगावच्या आर्थिक ऐपतीचा अर्धशतकाचा जमाखर्च हाती आला असता. डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांच्यासारख्या अभ्यासकांनी झाडीबोली व तिच्या लोककलांसाठी आयुष्य वेचले, पण अभ्यासकालाही कच्चे साधन लागतेच. ते गावातच निर्माण होते आणि गावातच नाहीसे होते.

मोठ्या कलावंताचे नाव तरी लोकांच्या स्मरणात राहते. खरी अडचण लहान कलावंताची आहे. ज्याचे नाव पत्रकात शेवटून दुसऱ्या ओळीत असते, त्याच्यासाठी हा कागद स्मरणरंजनापुरता राहत नाही. राज्य शासनाची वृद्ध साहित्यिक व कलावंतांसाठी मानधन योजना आहे. अलीकडे तिला राजर्षी शाहू महाराजांचे नाव देण्यात आले आहे. वय पन्नासच्या पुढे आणि कलेच्या क्षेत्रात किमान १५ वर्षांचे काम, अशी तिची सर्वसाधारण अट आहे. अर्जासोबत कामाचे पुरावे जोडावे लागतात. ज्याने वीस हंगाम तोंडाला रंग लावला, त्याने ते कशाच्या आधारे सिद्ध करावे? मंडळी मोडलेली असते, मालक बदललेला असतो, पगारपत्रक कधी नव्हतेच. १९९० च्या सुमाराचे एक पत्रक, २००० चे एक आणि २००८ चे एक, तिन्हींवर त्याचे नाव असेल, तर अधिकाऱ्यापुढे ठेवायला त्याच्या हातात काहीतरी असते. नसेल तर केवळ त्याचा शब्द. जिऱ्याच्या पुडीला गेलेल्या कागदावर कोणाच्या म्हातारपणाचा पुरावा होता, हे पुडी बांधणाऱ्याला ठाऊक असण्याचा संभव नसतो.

कागद वाचण्याची रीत

असे पत्रक जपायचे ठरविले की पहिला प्रश्न येतो तो वर्षाचा. पत्रक चार दिवसांनंतरच्या रात्रीसाठी छापलेले असते. छापणाऱ्याला वर्ष सांगण्याची गरज वाटतेच असे नाही. तेव्हा वर्ष शोधून काढावे लागते, आणि या कामात जुना पंचांग पाहणाऱ्या घराचा हात सहज चालतो. समजा, पत्रकावर 'रविवार, ३ नोव्हेंबर' एवढेच आहे. हा वार आणि ही तारीख २०१३, २०१९ आणि २०२४ या तिन्ही वर्षी जुळते. पण त्यात 'भाऊबीजेनिमित्त' असा शब्द असेल, तर कोडे सुटते. २०१३ मध्ये त्या दिवशी लक्ष्मीपूजन होते. २०१९ मध्ये भाऊबीज २९ ऑक्टोबरलाच होऊन गेली होती. ३ नोव्हेंबरला भाऊबीज आली ती २०२४ मध्ये. वार, तारीख आणि तिथी या तिघांची साक्ष जुळली की वर्ष बहुधा निश्चित होते.

इतरही खुणा असतात. गावाच्या पत्त्यात 'जि. चंद्रपूर' असेल आणि गाव आजच्या गडचिरोली जिल्ह्यातले असेल, तर पत्रक २६ ऑगस्ट १९८२ पूर्वीचे असण्याचा संभव मोठा, कारण त्या दिवशी गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. 'जि. चांदा' असे असेल तर ते आणखी मागचे. पत्त्यात पिनकोड असेल तर ते १९७२ नंतरचे. दहा अंकी मोबाइल क्रमांक असेल तर या शतकातील. तिकिटाचा दर रुपयाच्या नव्या चिन्हाने लिहिला असेल तर २०१० नंतरचे, कारण ते चिन्ह त्या वर्षीच्या जुलैत स्वीकारले गेले. तिकिटाच्या दरांची आपापसांत तुलना केली की कोणते पत्रक आधीचे आणि कोणते नंतरचे, याचाही अंदाज बांधता येतो.

बोटांनाही वाचता येते. जुने पत्रक पालटून मागून बोट फिरवावे. अक्षरांचा उठाव जाणवला तर ते खिळे जुळवून, ट्रेडल यंत्रावर छापलेले आहे. अशा पत्रकात चित्र असलेच तर ते ठोकळ्यावरून छापलेले, काळपट आणि मोजक्या रेषांचे असते. कागद गुळगुळीत आणि पाठ सपाट असेल, छायाचित्रे रंगीत असतील, तर ते ऑफसेटच्या काळातले. तळाशी बारीक अक्षरांत छापखान्याचे नाव व गाव असते. ते कधीही कापू नये. कोणत्या गावच्या छापखान्यातून कोणत्या गावची पत्रके निघत, यावरून बाजाराची ये-जा कोणत्या दिशेने होती, हेही कळू शकते.

एक पथ्य मात्र पाळावे. प्रयोग व्हायचा असताना भिंतीवरचे पत्रक काढून नेणे म्हणजे गावाच्या तिकीटविक्रीवर हात मारणे होय. गल्ल्यावर आलेली प्रत पुरेशी असते. ती मिळाली की एका वेगळ्या चिठ्ठीवर पेन्सिलीने लिहावे, की कोणत्या दिवशी आली, कोणत्या गावची मुले घेऊन आली, प्रयोग ठरल्याप्रमाणे झाला की पावसाने वा अन्य कारणाने रद्द झाला. पत्रक सांगते ते काय व्हायचे होते. प्रत्यक्षात काय झाले, ते चिठ्ठी सांगते. काळ्या मांजराच्या कार्यक्रमपत्रिकेवर एखाद्या प्रेक्षकाने अशी एक ओळ लिहून ठेवली असेल, तर आज अभ्यासक ती चित्राइतकीच बारकाईने वाचतो.

भांडाराची शिकवण

कागद टिकविण्याचे शास्त्र जैन घरांना परके नाही. विदर्भातच, वाशीम जिल्ह्यातील कारंजा येथील ग्रंथभांडारांनी शेकडो वर्षे हस्तलिखिते सांभाळली. दहाव्या शतकातील महाकवी पुष्पदंताची अपभ्रंश काव्ये विसाव्या शतकात डॉ. हिरालाल जैन यांच्यासारख्या पंडितांना अभ्यासता आली, ती अशा भांडारांमुळेच. ज्यांनी ती पोथी वेष्टनात बांधली, त्यांतील अनेकांना ती भाषा वाचताही येत नसेल. तरीही प्रत्येक पिढीने ती उघडली, झटकली, पुन्हा बांधली आणि पुढच्या पिढीच्या हाती दिली.

त्या भांडारांची रीत साधी होती. पावसाळा सरल्यावर पोथ्या बाहेर काढून हवा द्यायची, धूळ पुसायची, स्वच्छ सुती वेष्टनात बांधायच्या आणि पेटीत वेखंडाची पुरचुंडी ठेवायची. वेखंडाच्या वासाने कसर दूर राहते. किडीला मारावे लागत नाही, ती जवळच येत नाही. जीवदया आणि कागदाची काळजी या दोन्ही गोष्टी एका पुरचुंडीत साधत.

पत्रकाचा कागद मात्र पोथीच्या कागदाहून दुबळा असतो. लाकडाच्या लगद्याच्या स्वस्त कागदात आम्ल असते. त्यामुळे तो आपणहून पिवळा पडतो आणि कडांना ठिसूळ होतो. त्याला उजेड आणि दमट हवा सोसत नाही. गडचिरोलीच्या पावसाळ्यात वाळवीचे भय निराळेच. म्हणून पत्रक घडी न घालता सपाट ठेवावे, पेटी जमिनीपासून वर आणि बाहेरच्या भिंतीपासून दूर असावी. टाचणी आणि स्टेपलची तार गंजते व कागदाला खाते, तेव्हा ती काढून टाकावी. चिकटपट्टी लावू नये, कारण तिचा डिंक काही वर्षांत तपकिरी होऊन अक्षरांत उतरतो. लॅमिनेशन तर कधीच करू नये. ते वरून चकचकीत दिसते, पण आतला कागद पुन्हा मोकळा होत नाही. दोन पत्रकांच्या मध्ये एक कोरा, शक्य तर आम्लमुक्त कागद ठेवावा, आणि प्रत्येकाचे मोबाइलवर स्वच्छ छायाचित्र घेऊन ते घरातील दोन-तीन ठिकाणी जपावे. या सगळ्याचा वार्षिक खर्च एका नाटकाच्या तिकिटापेक्षा फारसा अधिक नाही.

शिवाय अशा संग्रहाने एकाच घराच्या कपाटात अडकून पडू नये. वर्षातून एकदा त्याची यादी करावी. गाव, नाटक, मंडळी, तारीख आणि कलावंतांची नावे, अशा पाच रकान्यांची वही पुरते. एखादा वृद्ध कलावंत आपल्या जुन्या नाटकाची विचारणा करीत आला, तर त्याला प्रत काढून द्यावी, मूळ कागद मात्र घरातून बाहेर जाऊ नये. शाळा-महाविद्यालयातील मुलांना हंगामाच्या अखेरीस ती पत्रके एका भिंतीवर लावून दाखविली, तरी आपल्या गावात कोण कोण येऊन गेले, हे त्यांना डोळ्यांनी दिसेल.

मंडईचा हंगाम भाऊबीजेपासून सुरू होतो आणि त्यानंतर तिसऱ्या दिवशी कार्तिक शुद्ध पंचमीला ज्ञानपंचमी येते. दिगंबर परंपरेत श्रुतपंचमी ज्येष्ठात येते. दोन्ही दिवस लिहिलेल्या अक्षराच्या सन्मानाचे. त्या दिवशी घरातील ग्रंथ काढून, पुसून, वंदन करून पुन्हा ठेवले जातात. नाटकाचे पत्रक हे शास्त्र नव्हे, आणि त्याला तो मान देण्याचेही कारण नाही. पण अक्षर जपण्याचा जो हात त्या दिवशी चालतो, तो गल्ल्यावर पडलेल्या एका रंगीत कागदापाशी क्षणभर थांबला, तर काही बिघडत नाही.

पुडीसाठी कागद बाजारात भरपूर मिळतो आणि किलोवर मिळतो. हा कागद मात्र एका गावासाठी, एका रात्रीसाठी छापला गेला, आणि तो पुन्हा छापला जाणार नाही. कुरखेड्याच्या रस्त्यावर पुढच्या गावची मुले नवा गठ्ठा घेऊन निघालीच असतील. त्यांनी समोर ठेवलेली प्रत गल्ल्यावरून उचलून वहीच्या मागच्या पानात सपाट ठेवायला पळभराचाही वेळ लागत नाही.